उपळवट हा दोष आहे काय?

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

वार्षिकांकासाठी काहीतरी लिहून दे, असे सरांनी सांगितले तेव्हा प्रथम मनात आला तो पाऊस. परंतु आमच्या महाविद्यालयात पावसावर कविता करणारे इतके आहेत की, तेवढे ढग आमच्या तालुक्यावर जमले असते तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती. म्हणून पाऊस सोडून, पडलेला पाऊस पुढे कोठे जातो यावर चार शब्द लिहावेत असे ठरविले. विषय रुक्ष आहे. मुरमाची जमीन, तिच्यातला दोन-तीन महिन्यांचा ओलावा आणि सरकारी दप्तरातला एक जुना शब्द, एवढेच या लेखात आहे. ज्यांना कवितेची पाने आधी वाचायची असतील त्यांनी ती खुशाल वाचावीत. पण मग इकडे यावे, कारण या मुरमावर आपण सगळेच उभे आहोत. ही अलंकारिक भाषा नव्हे. आपले क्रीडांगण ज्या मुरमाने सपाट केले तो असाच कोठल्या तरी डोंगराच्या पायथ्याचा आहे.

माझे गाव माणच्या खोऱ्यात आहे. सह्याद्रीपासून पूर्वेकडे फुटलेल्या महादेव डोंगराच्या रांगेत, कुळकजाईच्या बाजूला माणगंगा उगम पावते. दहिवडी, म्हसवड करीत आटपाडी-सांगोल्याकडे जाते आणि पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते. नकाशावर ती निळी रेघ आहे. प्रत्यक्षात वर्षातले बरेच महिने ते वाळूचे पात्र असते (वाळूही आता फारशी उरलेली नाही; पण तो वेगळा विषय). एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर दहिवडीला पाचशेच्या आसपास. जून-जुलैत आमच्याकडे वारा असतो. ढग डोक्यावरून घाईघाईने जातात, जणू काही या गावात त्यांचे कोणी ओळखीचेच नाही. खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा, म्हणजे भाद्रपद-आश्विनातला. तो आला तर वर्ष गोड, नाही तर टँकर.

माणदेश म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ आठवते. शंकरराव खरातही आटपाडीचेच. या लेखकांनी आमचा माळ महाराष्ट्राला दाखविला, त्याबद्दल आमची मान ताठ असते. पण वाचणाऱ्याच्या मनात त्यामुळे एक चित्र पक्के बसले आहे असे मला वाटते: माळ म्हणजे उजाड, कोरडा, देवाने विसरलेला. मी त्या माळाच्या पायथ्याला वाढलो. वर्षातले काही आठवडे तो अजिबात कोरडा नसतो, आणि माझा सगळा मुद्दा त्या आठवड्यांचा आहे.

आमच्या खोऱ्यात नदीपासून डोंगराकडे चालत गेले तर जमीन तीन वेळा रंग बदलते. नदीकाठी काळी, तिच्यात शाळू पिकतो आणि तिचा भाव काढायला लोक अडचणीच्या काळीही कचरतात. तिच्यावर मध्यम, तांबूस. आणि डोंगराच्या अंगाला मुरमाड, बरड. वीतभर माती, त्यात निम्मे खडे, खाली मुरूम. तिथे बाजरी, हुलगा, मटकी. बाकी कुसळाचे गवत. मुलगी देताना ‘जमीन किती’ हे विचारून झाले की दुसरा प्रश्न ‘काळी किती’ हा असतो. मुरमाड कोणी विचारीत नाही. वास्तविक माणदेशाची कीर्ती ज्या खिलार जनावरांनी केली ती या माळाच्या गवतावर पोसली, आणि आटपाडी-सांगोल्याच्या डाळिंबाने ज्यांची घरे उभी राहिली त्यांनी ते डाळिंब मुरमाड जमिनीतच लावले. पण मान काळीला, हे ठरलेले आहे.

मुरूम म्हणजे काय, हे भूगोलाच्या विद्यार्थ्याने सांगायला हरकत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्याच्या भेगांतून पाणी आत शिरते आणि खडक कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो. माती अजून झाली नाही आणि खडकही राहिला नाही, अशी ही मधली अवस्था. बोटाने चुरता येतो तो मऊ मुरूम, पहारीने निघतो तो कडक. त्याच्याखाली अभंग काळा पाषाण. पाऊस काळ्या जमिनीवर पडला तर ती फुगते, भेगा मिटतात, आणि बरेचसे पाणी वरून वाहून तरी जाते नाही तर तीच धरून बसते. मुरमाड जमीन पाणी धरीत नाही, खाली सोडते. खाली काळा पाषाण आडवा येतो. मग पाणी मुरमात खालून वर भरत येते आणि उताराच्या बाजूने हळूहळू सरकू लागते. जेथे मुरमाचा थर पातळ होतो किंवा खडक वर येतो, तेथे ते शेतातच बाहेर पडते. त्याला आमच्याकडे उपळणे म्हणतात.

आमच्या पायथ्याच्या पट्टीत हस्ताचा पाऊस झाला की हे दिसते. बाजरी पिवळी पडते. बैलाचा पाय खुरापर्यंत बुडतो. बांधाच्या कडेने ठिकठिकाणी पाणी पाझरते, इतके स्वच्छ की ओंजळीने प्यावे. दिवाळीनंतर ते मागे हटते, आणि मार्गशीर्षात तीच जमीन अशी कडक होते की कुदळीचे टोक वळावे. ज्याने ती फक्त उन्हाळ्यात पाहिली त्याला सांगूनही खरे वाटणार नाही.

आता तो जुना शब्द. दोन वर्षांपूर्वी चुलत्यांशी बांधाचा वाद झाला, म्हणून वडिलांनी भूमी अभिलेख कचेरीतून जुन्या मोजणीच्या नकला आणल्या. त्यात आमच्या शेताचा एक आराखडा निघाला: शेताचे चौकोन पाडलेले, प्रत्येक चौकोनात एक आकडा आणि आकड्याजवळ बारीक खुणा. घरात कोणाला अर्थ लागेना. मी तो सरांना दाखविला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “अरे, ही विंगेटची प्रतवारी!”

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जमिनीचा सारा ठरविण्यासाठी जी पद्धत बसविली तिची सुरुवात 1835 साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी केली. 1847 च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. सातारचे राज्य खालसा झाल्यावर ती आमच्याकडे आली. तिच्यात जमिनीचे रंग आणि पोत यांवरून तीन प्रकार आणि खोलीवरून एकूण नऊ वर्ग होते. वर्गाची किंमत आण्यांत: पहिला वर्ग सोळा आणे, नववा दोन आणे. काळी, एकसारख्या पोताची जमीन पावणेदोन हात खोल निघाली तर सोळा आणे. खडेवाली, भुसभुशीत जमीन तिसऱ्या प्रकारात; वरच्या वर्गांत तिला जागाच नव्हती. आणि याशिवाय सात दोष. चुनखडी, वाळू, उतार वगैरे. एक दोष सापडला की जमीन एक वर्ग खाली. त्या सात दोषांतला शेवटचा म्हणजे पृष्ठभागावर फुटणाऱ्या झऱ्यांमुळे येणारा जादा ओलावा. त्याचे दप्तरातले नाव उपळवट.

म्हणजे आमची पायथ्याची पट्टी मुरमाड म्हणून तिसऱ्या प्रकारात, आणि उपळते म्हणून आणखी खाली. दोन्ही बाजूंनी नापास.

मी विंगेटसाहेबांवर रागावलेलो नाही. त्यांना पिकावर सारा बसवायचा होता, आणि उपळवट जमिनीत बाजरी पिवळी पडते हे खरेच आहे. किंबहुना दोष लागला म्हणून सारा कमी झाला. त्या काळच्या माझ्या पूर्वजाने त्या खुणेला मनातून दुवाच दिला असेल. शिवाय जमिनीतल्या ओलाव्याची चौकोना-चौकोनाने नोंद घेणारे ते लोक होते, हे विसरून चालणार नाही. आज तेवढे तरी कोण करते? माझे म्हणणे एवढेच की, सारा ठरविण्यापुरते केलेले ते गुणपत्रक आपण जमिनीचे चारित्र्य म्हणून आजतागायत वाचत आलो. सातबारा काढून पाहा. त्यात ‘पोटखराबा’ म्हणून रकाना आहे. शेतीला अयोग्य ती वर्ग ‘अ’. रस्ता, कालवा, तळे अशा सार्वजनिक कामाखालची ती वर्ग ‘ब’. 2018 साली नियम बदलला आणि वर्ग ‘अ’ची जमीन सुधारून लागवडीखाली आणली असेल तर तशी नोंद करून घेता येऊ लागली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु जी पिकाखाली आली नाही ती खराबाच. तलाठ्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते. नाव बदलले, रकाने तेच आहेत.

दुसरे दप्तर आहे खनिजाचे. तेथे हाच मुरूम ‘गौण खनिज’ म्हणून नोंदला जातो आणि ब्रासवर मोजला जातो. त्याचे स्वामित्वधन भरले की ट्रक जायला मोकळा. एका दप्तरात खराबा, दुसऱ्यात खनिज. ज्या कामासाठी तो निसर्गाने तेथे ठेवला आहे, म्हणजे पाणी साठविण्यासाठी, त्याचा रकाना या दोहोंपैकी कोठेच नाही. भूजल खात्याच्या लोकांना हे चांगले ठाऊक आहे, त्यांच्या अहवालांत या थराला मोठे स्थान आहे. नागपूरला 1976 साली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था सुरू झाली, तिने मातीचे नकाशेही केले. अमेरिकेत तर मातीच्या प्रत्येक जातीला ती प्रथम जेथे वर्णिली त्या गावाचे किंवा ओढ्याचे नाव देतात, आणि कोणत्या महिन्यात किती खोलीवर पाणी उभे राहते हेही वर्णनात लिहून ठेवतात. आमच्या मातीचे नाव काय, असे मी चावडीत विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “जिरायत.”

हे सगळे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, हेही आता सांगितले पाहिजे. मी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला त्या वर्षी आमच्या बाजूच्या रस्त्याचे काम निघाले आणि आमच्या पायथ्याच्या पट्टीतला एक एकराचा मुरूम वडिलांनी विकला. त्याच पैशांतून माझी वसतिगृहाची फी भरली गेली. आजोबांना आम्ही आबा म्हणतो. आबांचा विरोध होता. ते म्हणाले होते, “आरं, ती पट्टी उपळती म्हणून तर खालची हीर जगती.” वडिलांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “आबा, पोराचं शिकणं बी जगलं पायजे.” यावर आबा काय बोलणार! मी तेथेच उभा होतो आणि गप्प होतो. मला शिकायचे होते.

दहा फूट खोल खणले. खाली काळा पाषाण लागला तेव्हा यंत्र थांबले.

पूर्वी आमच्या विहिरीला होळीपर्यंत पाणी असे. आता संक्रांतीला तळ दिसतो. सगळा दोष त्या खड्ड्यावर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच काळात शिवारात दोन नव्या बोअर झाल्या आणि मधल्या एका वर्षी परतीचा पाऊसही कमी झाला. परंतु खड्डा कारणांपैकी एक आहे याबद्दल मला शंका उरलेली नाही, आणि ती का उरलेली नाही ते सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत आमचे सर घरी आले होते. त्यांना तो खड्डा पाहायचा होता. खड्ड्याची उभी भिंत म्हणजे भूगोलाच्या विद्यार्थ्याला फुकटचा फळाच. सरांनी हातभर खोलीवर बोट ठेवले. तेथपर्यंत माती सारखी तपकिरी होती; त्याच्याखाली मुरमात गंजासारखे तांबूस ठिपके आणि शाई सांडल्यासारखे काळे डाग. पाणी काही काळ उभे राहून मागे हटते तेव्हा लोह आणि मँगनीज यांची अशी नक्षी मागे राहते, असे सरांनी सांगितले. म्हणजे वैशाखात, पाण्याचा थेंब नसतानाही, भाद्रपदात पाणी कोठपर्यंत चढते ते भिंतीवर लिहिलेले असते. आबा शेजारी काठी टेकून उभे होते. सर जेथे बोट ठेवीत होते त्याच उंचीवर पलीकडच्या बाजूला त्यांनी काठी लावली आणि म्हणाले, “हितनं फुटायचं.” एकाने पुस्तकातून आणि दुसऱ्याने पन्नास वर्षे पाहून एकच जागा दाखविली. मला त्या क्षणी दोघांचाही हेवा वाटला.

थोडा हिशेब करून पाहू. (कला शाखेच्या विद्यार्थ्याचा हिशेब आहे, विज्ञान शाखेने तपासून घ्यावा.) मुरमातले सगळे पाणी विहिरीला मिळत नाही, झिजलेल्या काळ्या पाषाणाच्या थरातून त्याच्या आकारमानाच्या शंभरात दोन भाग पाणी सुटून येते असे भूजलाच्या हिशेबात साधारणपणे धरतात. एक एकर म्हणजे सुमारे 4050 चौरस मीटर. तीन मीटर खोल मुरूम धरला तर सुमारे 12,000 घनमीटर. त्याचे शंभरात दोन म्हणजे 240 घनमीटर, अर्थात दोन लाख चाळीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे चोवीस टँकर! आणि ही एका भरण्याची गोष्ट झाली. पाऊस दोनदा चांगला झाला तर तो मुरूम दोनदा भरतो. ब्रासच्या भाषेत सांगायचे तर 100 घनफूट मुरमातून पंचावन्न-साठ लिटर पाणी, म्हणजे तीन-चार घागरी. ट्रक भरताना कोणाच्या डोळ्यांसमोर घागरी येत नाहीत.

यावर आमच्याच वर्गातल्या एका मित्राने मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. तो म्हणाला, “अरे, खड्डा झाला म्हणजे उलट जागा वाढली की! मुरमात शंभरात दोन मावत होते, आता शंभरात शंभर मावतील. फुकटचे तळे झाले.” प्रश्न बिनतोड वाटला आणि दोन दिवस मी निरुत्तर होतो. नंतर दिवाळीत पाहिलेला खड्डा आठवला. त्यात पाणी होते, गुडघाभर. ते कोठून आले होते? शेजारच्या मुरमातून झिरपून. जे पाणी मुरमातल्या मुरमात सरकत खाली विहिरीकडे गेले असते, ते आता भिंतीतून फुटून खड्ड्यात उघड्यावर पडते. खड्ड्याचा तळ काळा पाषाण आहे, तेथून ते मुरत नाही. आमच्याकडच्या उन्हावाऱ्यात उघड्या पाण्यातून वर्षाला दीड-दोन मीटर पाणी वाफ होऊन जाते, म्हणजे गुडघाभर पाण्याचा निकाल लागायला फार महिने नकोत. पौषात मी पाहिले तेव्हा तळाशी चिखलाच्या खपल्या आणि एक फाटकी चप्पल होती. मुरूम हे झाकण असलेले भांडे आहे आणि आम्ही ते उघडे टाकले, असे मी त्या मित्राला सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. त्याच्या वडिलांचे दोन टिपर आहेत. असो.

मुरूम नको तर रस्ते कशाने करायचे, असे कोणी म्हणेल. रास्त आहे. आबांच्या पिढीने डांबरी रस्ता नसताना आजारी माणूस बैलगाडीतून दहिवडीला नेला आहे, तेव्हा रस्त्याला नावे ठेवण्याचा मला हक्क नाही. परंतु सगळा मुरूम सारखा नसतो. पलीकडच्या टेकाडाच्या माथ्यावर मुरूम आहे. त्याच्याखाली कोणाची विहीर नाही आणि तेथे उपळतही नाही. तो थोडा लांब पडतो, वाहतूक महाग होते, एवढीच त्याची उणीव. पायथ्याचा मुरूम रस्त्याच्या कडेला मिळतो म्हणून तोच उचलला जातो. शिवाय काळ्या पाषाणापर्यंत खरवडून काढण्याऐवजी वरचे दोन-तीन फूट काढून थांबता येते. पण थांबण्याचे कारण दप्तरात नाही, त्यामुळे यंत्र पाषाणाशीच थांबते.

दुसरा आक्षेप अधिक मोठा आहे. आता कालव्याचे पाणी आले, उरमोडीचे माणमध्ये आले, टेंभूचे आटपाडीला गेले. मग या उपळ्या-पाझरांचे कौतुक कशाला? कालव्याच्या पाण्याचा आनंद मला इतरांइतकाच आहे. बहात्तरच्या दुष्काळात आबांनी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली आहे. पहिल्यांदा कालव्याला पाणी सुटले त्या दिवशी ते पाण्यात हात घालून नुसते बसून राहिले होते. परंतु कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पायथ्याच्या वाड्यांना त्याचा थेंब मिळत नाही. त्यांना मुरूमच पाणी देतो. आणि कालव्याखाली ऊस आला, पाणी बारमाही झाले, की काळी जमीन चिबड होते, मीठ फुटते. कृष्णाकाठी वाळवा-शिरोळकडे हे होऊन बसले आहे. तेथे ओलावा खरोखरच दोष ठरला, कारण तो परत जात नाही. आमच्या मुरमातला ओलावा वेळेवर येतो आणि वेळेवर जातो. विंगेटच्या यादीत या दोहोंना वेगळे करायला हवे होते असे मला वाटते.

आणि गंमत पाहा. 2018 साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातले टाकेवाडी राज्यात पहिले आले, भांडवलीला दुसरा क्रमांक विभागून मिळाला. सगळ्या खोऱ्याने तेव्हा पहाटे उठून डोंगरउतारावर चर खणले. मीही शाळकरी हाताने पाट्या वाहिल्या आहेत. चरांनी पाणी अडविले, पण ते जिरले कशात? मुरमातच ना? एकीकडे पाणी जिरावे म्हणून चर खणायचे आणि त्याच उताराच्या पायथ्याशी ते जेथे साठणार तो थर ट्रकने पाठवून द्यायचा, हे आम्ही एकाच पंचवार्षिकात केले. त्यात आमचे घरही आहे, हे वर लिहिलेच आहे. तसेच शेततळ्यांचे. मुरमात खड्डा काढायचा, त्याला प्लॅस्टिकचा कागद लावायचा, म्हणजे मुरमाशी त्याचा संबंध तोडायचा, आणि मग खालच्या विहिरीतून उपसून ते भरायचे! याबद्दल बोलले की डाळिंबवाले रागावतात, आणि त्यांचाही निरुपाय मला समजतो.

मग करायचे काय? मला मोठ्या योजना सुचत नाहीत. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी हिवाळ्यात असते. रस्ता झाडणे, भिंतीवर घोषणा रंगविणे हे आपण पुष्कळ केले. त्याऐवजी भूगोल विभागाने भाद्रपद-आश्विनात, पाऊस पडून चार दिवस झाले की, एका गावाच्या पायथ्याने फिरावे आणि कोणत्या गटात कोठे उपळते त्याची खूण गावनकाशावर करावी. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर घ्यावे. त्यांना या जागा पाठ आहेत आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्या जागांच्या खालच्या विहिरींना दर महिन्याला दोरी सोडून पाणी मोजावे. दोन वर्षांत एक नकाशा होईल. तो ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि मुरमाचा परवाना देण्यापूर्वी महसूल कचेरीने तो पाहावा असा ठराव मागावा. ठरावाने लगेच काही होत नाही हे मलाही कळते. पण आज परवाना देणाऱ्याला ‘येथे पाणी आहे’ असे दाखवायला कोणाजवळ कागदच नाही, आणि आपल्या देशात कागदावाचून पाणीसुद्धा दिसत नाही. सरांना ही कल्पना पटली आहे. प्राचार्यांना हा लेख वाचल्यावर पटेल अशी आशा आहे.

राहिली घरची गोष्ट. त्या पट्टीला लागून आमची आणखी एक एकर आहे. बांधाशी आता फक्त तेथेच उपळते. गेल्या महिन्यात एक गृहस्थ मोटारसायकलवरून येऊन पाहून गेले. मुरूम चांगला आहे म्हणाले, भावही पहिल्यापेक्षा बरा सांगितला. जूनमध्ये धाकट्या बहिणीचा प्रवेश आहे. वडिलांनी या वेळी माझे मत विचारले. तीन वर्षांपूर्वी मी गप्प होतो, म्हणून या वेळी स्पष्ट सांगितले की, विकू नका. मग फीचे काय, हे त्यांनी विचारले नाही, पण ते माझ्याकडे पाहत राहिले. मी ‘कमवा आणि शिका’मध्ये नाव दिले आहे. सकाळी दोन तास ग्रंथालयात पुस्तके लावायची आहेत. बहीणही तसेच करीन म्हणते. तिच्या बोलण्यावर माझा माझ्यापेक्षा अधिक विश्वास आहे. आबा काही बोलले नाहीत. ते उठून पायथ्याकडे गेले आणि ज्या जागेतून पाणी फुटते तेथे त्यांनी तीन दगड एकावर एक ठेवले, शेंदराशिवाय.

वडील म्हणाले, “भाद्रपदापर्यंत बघू.”